फिटरचा दुसरा गुन्हा

फिटरला राग येतच नाही, असं लॉन्ड्रीत सगळे म्हणायचे आणि ते साफ खोटं होतं. त्याला राग यायचा. तुमच्याआमच्याइतका यायचा, कदाचित कणभर जास्तच. पण तो आला की फिटर आवाज इतका खाली आणायचा की समोरच्याला कान पुढे करावा लागायचा. हात खिशात घालायचा. बसमध्ये कोणी त्याच्या पायावर पाय दिला तर हाच आधी माफी मागायचा. बायकोच्या हातून त्याच्या कोऱ्या शर्टावर इस्त्रीचा डाग पडला, तेव्हा म्हणाला, असू दे, स्वेटरच्या आत घालतो. लोक म्हणायचे, काय शांत माणूस आहे! शांत कसला डोंबलाचा. रागावणं ही चैन आहे आणि आपल्याला ती परवडत नाही, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं.

कारण ती त्याने एकदा केली होती. ते आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे मागाहून कोणी लपवल्याचा आरोप करायला नको. ऐन पंचविशीत, एका शेजाऱ्याशी त्याचं भांडण झालं. शेजारी रोज जिन्याच्या तोंडाशी स्कूटर आडवी लावायचा. बोलाचाली झाली, बाचाबाची झाली, आईबापांचा उद्धार झाला आणि ह्याने हातातलं हेल्मेट त्याच्या तोंडावर हाणलं. शेजाऱ्याचा एक डोळा गेला. भांडणाचं कारण जरा भारदस्त असतं, बहिणीची अब्रू, आईचा अपमान असं काही, तर सांगायला तरी बरं वाटलं असतं. कारण स्कूटर होतं. फिटरने ते कधी सजवून सांगितलं नाही. कोर्टात कबूल केलं, शिक्षा झाली, ती पुरी भोगली. तुरुंगाच्या वर्कशॉपमध्ये मोटारी, पट्टे, बेअरिंग यांचं काम शिकला. सुटल्यावर पहिल्यांदा त्या शेजाऱ्याच्या दारात जाऊन उभा राहिला. शेजाऱ्याने दार उघडलं, बघितलं आणि लावून घेतलं. तो त्याचा हक्कच होता. फिटर परत त्या दाराशी गेला नाही.

आता एखाद्या भाबड्या माणसाला वाटेल, गुन्हा केला, शिक्षा भोगली, विषय संपला. कायद्याच्या लेखी संपला असेल. नोकरी देणाऱ्यांच्या लेखी तो तिथून सुरू होतो. कायद्याने शिक्षेला निदान शेवटची तारीख तरी दिलेली असते. ही दुसरी शिक्षा कोण सुनावतं, किती वर्षांची असते, अपील कुठे करायचं, काही विचारायची सोय नाही. फिटर तेव्हा ताईच्या घरी, तिच्या स्वयंपाकघरात अंथरूण टाकून राहत होता आणि दारोदार हिंडत होता. बहुतेक ठिकाणी त्याच्या हातातलं काम बघायच्या आधीच लोक त्याच्या हातांकडे बघायचे.

एका बाईने विचारलं. शहराच्या कडेला, हॉस्पिटलांचे कपडे धुणाऱ्या लॉन्ड्रीची ती मालकीण. सगळे तिला बाई म्हणत. महातोंडाळ होती. तिने त्याला स्टुलावर बसवलं आणि वकिलाने घ्यावी तशी उलटतपासणी घेतली. काय केलंस, कशाने केलंस, दारू प्यायला होतास का, नंतर कोणावर हात उगारलास का, आत काय शिकलास. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाली, "राग आला तर मला येऊन शिव्या दे. माझ्या माणसांना बोट लावलंस तर दारात उभा करणार नाही."

ती काही भोळी सांब नव्हती. त्याच सुमारास गाडी चालवायच्या कामासाठी एक जण आला होता, दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल त्याला आधी शिक्षा झालेली. बाईने त्याला सरळ सांगितलं, गाडी देणार नाही, रोलर इस्त्रीवर उभा राहतोस तर राहा. तो राहिला आणि चांगला टिकला. म्हणजे मागचं बघूच नये, असं कोणी म्हणत नाही. खुशाल बघा. पोरांच्या शाळेत माणूस ठेवताना दहादा बघा, तिजोरीवर बसवताना बघा. पण विचारलं की उत्तर ऐकायला थांबायचं असतं आणि त्या कामाचा आणि त्या गुन्ह्याचा काही संबंध आहे का, यासाठी दोन मिनिटं डोकं चालवायचं असतं. बाई तेवढं करायची. तिच्या जागी पुढे जे आले, ते डोकं घरी ठेवून यायचे.

लॉन्ड्रीत कामाची एक रीत होती, ती इथे सांगायला हवी. चादरी, रुग्णांचे झगे, ऑपरेशनचे गाऊन धुणारी मोठी यंत्रं होती, एकेकाचा ड्रम इतका मोठा की माणूस वाकून आत शिरू शकतो. फिटरच्या आधीचा फिटर असाच आत शिरलेला असताना बाहेर कोणीतरी बटण दाबलं होतं. तो वाचला, त्याचा हात वाचला नाही. तेव्हापासून बाईने नियम केला: यंत्राला हात लावणाऱ्याने आधी मेन स्विच बंद करायचा, त्याला स्वतःचं कुलूप घालायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. त्या किल्लीची दुसरी किल्ली करायची नाही. ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. फारच अडलं तर तोडायचं, पण कुलपाचा मालक धडधाकट डोळ्यांसमोर उभा असेल तरच. फिटरच्या कुलपावर पिवळा रंग होता. पिवळं कुलूप दिसलं की लॉन्ड्रीतला कोणीही त्या स्विचच्या वाऱ्याला उभा राहत नसे.

ड्रमच्या तोंडाशी कपडे भरणाऱ्या बायकांचा तर त्या कुलपावर देवापेक्षा जास्त भरवसा. त्यांची म्होरकी म्हणजे मावशी. वयाने फिटरपेक्षा थोडी मोठी, तोंडाने बाईच्या तालमीत तयार झालेली. फिटर तुरुंगात होता हे मावशीला ठाऊक होतं, सगळ्यांनाच होतं. तो स्वतःच प्रत्येक नव्या माणसाला सांगायचा, म्हणजे त्याला कोपऱ्यात नेऊन सांगायचं सुख दुसऱ्या कोणाला मिळू नये. मावशी त्यावरूनही त्याची टर उडवायची. "याला चहात साखर कमी घाला रे, सरकारने पुष्कळ वर्षं फुकट खाऊ घातलंय." फिटरही हसायचा. लग्न झालं, लेक झाली, लेक कॉलेजात गेली. बायको घरी पडदे शिवायची. सगळं नीट चाललं होतं.

मग बाई थकली आणि लॉन्ड्री एका मोठ्या कंपनीने विकत घेतली. नवा रंग लागला, भिंतीवर हसऱ्या माणसांची चित्रं लागली, 'आपण एक कुटुंब' असं मोठ्या अक्षरांत लिहिलं गेलं. कुटुंबाच्या प्रमुखपदी एक साहेब आला आणि कुटुंबातल्या माणसांची भरती-हकालपट्टी बघायला एक मॅडम आली. दोघंही गोड बोलणारी, आवाज न चढवणारी, ओठांवर साखर पेरूनच वावरणारी. काही दिवसांनी सगळ्यांची पोलिसांकडून पडताळणी होणार असं कळलं. फिटर स्वतःहून मॅडमकडे गेला आणि आपलं सगळं सांगून आला. ती म्हणाली, प्रामाणिकपणाबद्दल आभारी आहे. त्याला हायसं वाटलं. घरी येऊन बायकोला म्हणालाही की बरी माणसं आहेत. बायको शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणाली की आभार मानणाऱ्या माणसांपासून जरा जपून असा.

त्या दिवशी सकाळी मोठ्या यंत्रातून घरघर ऐकू येत होती. फिटरने मेन स्विच बंद केला, कुलूप घातलं, मागची झडप उघडली, जुनं बेअरिंग काढून नवं बसवलं आणि त्याच्यावरच्या प्लेटचे बोल्ट हाताने नुसते टेकवले. पान्याने आवळायचे बाकी होते, तेवढ्यात मॅडमने बोलावल्याचा निरोप आला. पाच मिनिटांचं काम आहे म्हणे. फिटर मावशीला "आलोच" म्हणाला, हात पुसले आणि वर गेला.

वर साहेब, मॅडम आणि पाण्याचा एक ग्लास असे तिघं त्याची वाट बघत होते. पाण्याचा ग्लास आधीच भरून ठेवलाय, हे बघूनच तो काय ते समजला. मॅडमने सुरुवात केली. तुमच्या कामाबद्दल कोणाचीच तक्रार नाही. वागण्याबद्दल तर नाहीच. तुम्ही स्वतःहून सांगितलंत, त्याचं कौतुकच आहे. पण कंपनीचं धोरण आहे. हॉस्पिटलांना आपण लिहून दिलं आहे की आपल्याकडे कोणाचीही गुन्ह्याची पार्श्वभूमी नाही. तेव्हा आजपासून.

फिटरने विचारलं की मी रुग्णांच्या जवळपासही जात नाही, चादरी आणि यंत्रं, यात हॉस्पिटलांना धोका कसला? साहेब म्हणाला, प्रश्न तुमचा वैयक्तिक नाही. हे वाक्य ज्या कोणी शोधून काढलं असेल, त्याला चौकात उभं करायला हवं. माणसाची भाकरी काढून घ्यायची, ती त्याच्याच तोंडातली, त्याच्याच पोराबाळांची, आणि वर सांगायचं की वैयक्तिक नाही. मग कोणाची आहे? भिंतीवरच्या हसऱ्या कुटुंबाची?

फिटरने आवाज खाली आणला. हात खिशात घातले. त्याने विचारलं की मी सांगितलंच नसतं तर? मॅडम गडबडली. म्हणाली की पडताळणीत ते आलंच असतं बहुतेक. त्या 'बहुतेक'मध्ये सगळं आलं. लॉन्ड्रीत आणखी कोणाकोणाचं काय काय होतं, ते फिटरला माहीत होतं, आणि ते सगळे मूग गिळून बसले होते आणि बसलेलेच राहणार होते, कारण जुनी प्रकरणं, दुसरी शहरं, कोण कुठे शोधत बसतंय. खरं बोलणारा तेवढा चाळणीत अडकला. फिटरने एकाचंही नाव घेतलं नाही. त्याने ग्लास तसाच ठेवला आणि उठला.

वॉचमन दाराबाहेर उभाच होता. त्याला हुकूम होता की ह्यांना सरळ गेटपर्यंत सोडायचं, खाली कामाच्या जागी जाऊ द्यायचं नाही. फिटरची पिशवी आणि डबा कोणीतरी आधीच आणून ठेवला होता. वॉचमन त्याच्याबरोबर चालताना सगळा वेळ जमिनीकडे बघत होता. गेटवर म्हणाला, "काका, मला शिव्या द्या हवं तर." फिटर म्हणाला, तुला कशाला देऊ. आणि तो बाहेर पडला.

बसमध्ये अर्ध्या वाटेवर त्याचा हात खिशातल्या किल्लीला लागला आणि त्याला यंत्र आठवलं. कुलूप स्विचवर होतं, ते सोडा. बोल्ट सैल होते. कोणी कुलूप तोडून यंत्र चालू केलं, तर भरलेला ड्रम जागचा सुटणार आणि समोर मावशी आणि तिच्या बायका उभ्या. आजवर त्याने अर्धवट काम न सांगता कधी सोडलं नव्हतं, आणि आज सोडलं. नोकरी गेली त्या धक्क्यात त्याला यंत्राची आठवणही झाली नव्हती. त्याने स्वतःलाच शिव्या घातल्या, शेजारच्याला ऐकू जाणार नाहीत एवढ्याच मोठ्याने. ऑफिसला फोन लावला. कोणी उचलेना. मग मावशीला लावला आणि सांगितलं की काही झालं तरी यंत्र चालू करू देऊ नकोस. मावशीला तोवर सगळं कळलं होतं. ती म्हणाली, "तुझं कुलूप आहे तिथे. कोण हात लावतोय बघतेच मी."

आणि कोणी लावला नाही. दुपारपर्यंत हॉस्पिटलांच्या मळक्या चादरींचे ढीग छातीपर्यंत आले. साहेब खाली आला, त्याने कुलूप बघितलं आणि तोडा म्हणाला. मावशीने सांगितलं की कुलपाचा मालक समोर उभा असल्याशिवाय ते तोडत नाहीत. साहेब म्हणाला, तो आत नाही, तो घरी गेला, मी स्वतः काढलाय त्याला. मावशी म्हणाली, ते तुमचं झालं. तुम्ही माणूस काढलात, त्याचं काम अजून आत आहे. साहेबाने इलेक्ट्रिशियनला सांगितलं, इस्त्रीवरच्याला सांगितलं, दोघांनी चटका बसल्यासारखे हात मागे घेतले. फिटरच्या प्रेमापोटीच असं काही नाही. आधीच्या फिटरच्या हाताचं काय झालं, ते त्यांना ठाऊक होतं.

मग साहेबाचा फोन फिटरला आला. आवाज गोडच होता, पण साखर जरा संपत आली होती. कंपनीची वस्तू तुमच्याकडे राहिली आहे म्हणाला, किल्ली. माणूस पाठवतो, त्याच्याकडे द्या. फिटरने सांगितलं की किल्ली देऊन भागणार नाही, बोल्ट सैल आहेत, आधी ते आवळायला हवेत, नाहीतर कोणाचा तरी जीव जाईल. साहेबाला तो डाव वाटला. गरजेच्या वेळी अडवून धरतोय, असं वाटलं. तो म्हणाला, "तुमचं आधीचं बघता, पोलिसांत जायची वेळ आमच्यावर आणू नका."

तळपायाची आग मस्तकात जाणं काय असतं, ते फिटरला पुष्कळ वर्षांनी कळलं. शिवणयंत्र थांबलं होतं, बायको त्याच्याकडे बघत होती. त्याने फोनवर एवढंच सांगितलं की येतो. बायको म्हणाली की जाऊ नका, त्यांचं यंत्र, त्यांचं मरण. तो म्हणाला, समोर मावशी उभी असते. चपला घातल्या आणि निघाला.

गेटवर वॉचमनने त्याला अडवलं. बिचाऱ्याला दुसरा हुकूम मिळालाच नव्हता, पहिला होता: ह्या माणसाला आत सोडायचं नाही. केबिनच्या काचेवर फिटरचा फोटो चिकटवला होता आणि खाली 'प्रवेश बंद' लिहिलं होतं. वॉचमन तो झाकायला पाठ लावून उभा राहिला, पण फोटो मोठा होता आणि वॉचमन बारीक. म्हणजे पाहा, हा आला नाही तर पोलीस बोलावणार आणि आत आला तरी पोलीसच बोलावणार. शेवटी साहेबाने वरून फोन केला तेव्हा फाटक उघडलं.

यंत्रापाशी सगळे जमले होते. साहेब, मॅडम, वॉचमन, आणि ढिगांच्या पलीकडे मावशी आणि तिच्या बायका. फिटरने झडपेतून साहेबाला सैल बोल्ट बोटाने हलवून दाखवले. साहेबाचा चेहरा उतरला, पण वेळ मारून नेणं हा त्याचा पेशाच होता. तो फिटरच्या खांद्याजवळ आला आणि समजुतीच्या सुरात बोलू लागला. हे आवळून टाका. आणि उद्यापासून कशाला घरी बसता? आपला कंत्राटदार आहे, त्याच्याकडून या. हीच लॉन्ड्री, हेच यंत्र. पगार थोडा कमी पडेल, सुट्ट्या नसतील, पण काम राहील. कंत्राटदाराच्या माणसांची पडताळणी होत नाही. "तिकडे कोणी बघत नाही," साहेब म्हणाला आणि उपकार केल्यासारखा हसला.

घ्या! म्हणजे हॉस्पिटलांना असलेला धोका हा होता. पूर्ण पगार देऊन ठेवला तर माणूस गुन्हेगार, सुट्ट्या मागितल्या तर गुन्हेगार, म्हातारपणाची तरतूद मागितली तर गुन्हेगार. तोच माणूस त्याच यंत्रापाशी त्याच हातांनी अर्ध्या भावात राबला, तर त्याचं सगळं पाप धुऊन निघालं. लॉन्ड्रीच ती, धुणारच. हॉस्पिटलांची काळजी, रुग्णांची काळजी, धोरण, सगळं नाकाने कांदे सोलणं होतं. मनातून ह्या लोकांना फिटरची भीती नव्हतीच कधी. ती असती, तर असला सौदा करायला ते त्याच्या इतक्या जवळ येऊन उभे राहिले नसते.

फिटरने हात खिशातून बाहेर काढले. आवाज खाली आणला नाही.

"साहेब, मला राग आलाय," तो म्हणाला.

एवढंच म्हणाला. ओरडला नाही, पुढे सरकला नाही. पण साहेब दोन पावलं मागे गेला आणि त्याचा हात फोनकडे गेला. मॅडम त्याच्या मागे झाली. वॉचमनला काय करावं ते कळेना, तो फिटरच्या बाजूलाच जाऊन उभा राहिला. फिटरने ते सगळं बघितलं. इतकी वर्षं जे जपून, घडी घालून, तळाशी दाबून ठेवलं होतं, ते बाहेर काढल्यावर लोक असे दिसतात, हे त्याने नीट बघून घेतलं.

"घाबरू नका. राग आलेला माणूस असाच दिसतो," तो म्हणाला. "तुम्ही माझी नोकरी घेतलीत, खरं बोललो म्हणून घेतलीत, आणि आता चोरवाटेने परत या म्हणताय. मला राग येणार नाही तर काय येईल? मी तुमच्या कंत्राटदाराकडे येणार नाही."

मग तो वळला आणि पान्याने एकेक बोल्ट आवळू लागला. फुकट. मावशी बॅटरी धरून त्याच्या शेजारी बसली. प्लेट घट्ट बसली, झडप लागली. फिटरने सगळ्यांना मागे व्हायला सांगितलं, स्विचवरचं कुलूप काढलं, खिशात टाकलं आणि यंत्राचा आवाज ऐकायलाही न थांबता निघाला. साहेब भिंतीला टेकून होता. त्याने आभार मानले नाहीत, तेवढं एक बरं केलं.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. कंत्राटदाराचं ऐकल्यावर तिचे ओठ आवळले गेले. लेकीच्या कॉलेजचं काय, घरभाड्याचं काय, पडदे शिवून कुठवर पुरणार, हे तिने बोलून दाखवलं आणि तिचंही काही चुकत नव्हतं. मग ती म्हणाली, "इतक्या वर्षांत मला एकदा तुमचा राग दिसला नाही, आणि त्या लोकांना फुकटात दाखवून आलात." तिला रडू आलं, हसूही आलं. मग तिने दोरा ओवला आणि कामाला लागली.

त्यानंतर फिटर कामासाठी पुन्हा फिरू लागला. यंत्रांवरचा हात सगळ्यांना आवडायचा, मागचं सांगितलं तरी दोघातिघांनी मान डोलावली, एकाने तर कधीपासून येताय असंही विचारलं. पण दुसऱ्या दिवशी सगळ्यांचाच सूर बदलायचा. फिटरला कळेना की हे काय चाललंय. शेवटी मावशीने शोधून काढलं. लॉन्ड्रीत कोणी चौकशीला फोन केला की मॅडम मधाळ आवाजात सांगायची: कामाला उत्तम होते, पण शेवटी शेवटी साहेबांना धमकावलं, हिंसक व्हायच्या बेतात होते, आम्हाला सुरक्षारक्षक बोलवावा लागला. मावशीने हे फोनवर सांगितलं आणि वर कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. फिटर ऐकत राहिला. हेल्मेट मारलं त्याची शिक्षा त्याने भोगली होती. आता बोलल्याची सुरू झाली होती आणि ह्या वेळी एक कोर्टसुद्धा त्यांना लागलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात तो एका बर्फाच्या कारखान्यात गेला. मालक मध्यमवयीन, घाईत असलेला, टेबलाच्या पलीकडे बसलेला. त्याने फिटरकडून बंद पडलेली एक मोटर चालू करून घेतली, खूश झाला आणि मग पेन उघडून नेहमीचा प्रश्न विचारला. कधी काही गुन्हा वगैरे?

"दोन," फिटर म्हणाला. "पहिल्यात मी एका माणसाला मारलं, त्याचा डोळा गेला. त्याची शिक्षा भोगून झाली. दुसऱ्यात मला राग आलाय असं एका साहेबाला सांगितलं. त्याची चालू आहे."

मालकाने पेनाचं टोपण लावलं. मोटरकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाला, बरं, बघतो, विचार करून कळवतो.

"कळवू नका," फिटर म्हणाला. "तुम्ही लॉन्ड्रीत फोन करणार, तिथल्या मॅडम काही सांगणार आणि तुम्ही मला कळवणारच नाही. दोन्ही गोष्टी मी तुम्हाला इथे बसून सांगतो. काय विचारायचं ते मला विचारा. आणि नाही म्हणायचं असेल तर माझ्या तोंडावर म्हणा."

फिटरने समोरची खुर्ची ओढली आणि तो बसला.